अमेरिकेत अनएम्प्लॉयमेंटचे पैसे परत मागणारं लेटर आलंय? भरायच्या आधी काय काय करायचं ते स्टेप बाय स्टेप

नोकरी गेली, अनएम्प्लॉयमेंट (म्हणजे बेकारी भत्ता) क्लेम केलं, काही आठवडे पैसे आले, मग नवी नोकरी लागली आणि तो विषय आपण विसरूनही गेलो, आणि मग सहा महिन्यांनी, कधीकधी दोन वर्षांनी, राज्याच्या लेबर डिपार्टमेंटकडून एक पाकीट येतं की तुम्हाला इतके हजार डॉलर जास्त दिले गेलेत, परत करा. याला ओव्हरपेमेंट म्हणतात. अमेरिकेत नवीन आलेल्या आपल्या लोकांची दोनच रिअ‍ॅक्शन असतात, एक म्हणजे घाबरून लगेच क्रेडिट कार्ड काढून सगळं भरून टाकायचं, आणि दुसरी म्हणजे पाकीट ड्रॉवरमध्ये टाकून बघू नंतर म्हणायचं. दोन्हीत नुकसान आहे.

कारण ते लेटर दिसतं बिलासारखं पण ते बिल नाहीये, तो एक सरकारी निर्णय आहे. बिल भरायचं असतं, निर्णय आधी तपासायचा असतो आणि पटला नाही तर ठरलेल्या मुदतीत त्याच्याविरुद्ध अपील करायचं असतं. एवढं डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं जातं.

सुरुवातीला थोडी माहिती. अनएम्प्लॉयमेंट इन्शुरन्स ही फेडरल कायद्याच्या चौकटीत पण प्रत्येक राज्याने स्वतः चालवलेली स्कीम आहे. कॅलिफोर्नियात ईडीडी, टेक्ससमध्ये टीडब्ल्यूसी, इलिनॉयमध्ये आयडीईएस, मिशिगनमध्ये यूआयए, सगळ्यांची नावं वेगळी, नियम वेगळे, मुदती वेगळ्या. म्हणून न्यू जर्सीतल्या मित्राने काय केलं हे ऐकून टेक्ससमध्ये तसंच करायला जाऊ नका प्लीज. आणि हो, ही भीक किंवा दान नाही, हा इन्शुरन्स आहे, याचा टॅक्स कंपनी भरते (अलास्का, न्यू जर्सी आणि पेन्सिल्व्हेनियात तर कर्मचाऱ्याच्या पगारातूनही थोडा कापतात), त्यामुळे लाजून गप्प बसण्यासारखं यात काही नाही.

स्टेप १: लेटर खरं आहे का ते बघा

टेक्स्ट मेसेज आला की ओव्हरपेमेंट झालंय, या लिंकवर क्लिक करा, किंवा फोनवर कोणी म्हणालं की गिफ्ट कार्डने भरा नाहीतर पोलीस येतील, तर ते फ्रॉड आहे, विषय संपला. खरं लेटर पोस्टाने येतं किंवा तुमच्या राज्याच्या पोर्टलच्या इनबॉक्समध्ये दिसतं. लिंकवर क्लिक न करता स्वतः साइटचा पत्ता टाईप करून लॉगिन करा आणि बघा.

अजून एक प्रकार असतो, तुम्ही कधी क्लेमच केला नाही आणि तरी लेटर आलं. २०२० च्या कोविड काळात दुसऱ्यांच्या नावाने भरमसाठ खोटे क्लेम झाले होते. तसं असेल तर पैसे भरायचे नाहीत, राज्याकडे आयडेंटिटी थेफ्ट म्हणून रिपोर्ट करायचं, त्याची पोच जपून ठेवायची, आणि त्या लेटरवर अपीलची मुदत दिली असेल तर अपीलही टाकायचं. रिपोर्ट केलाय ना, मग अपील कशाला, असं वाटेल, पण रिपोर्टमुळे अपीलची मुदत थांबत नाही.

स्टेप २: तारीख शोधा, बाकी सगळं नंतर

पाकिटावरची नाही, लेटरवरची. त्यावर 'मेल डेट' किंवा 'डेट मेल्ड' असं काहीतरी छापलेलं असतं आणि बहुतेक राज्यांत मुदत तिथून सुरू होते, तुम्ही पाकीट कधी उघडलं तिथून नाही. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, इलिनॉय इथे ३० दिवस मिळतात, टेक्ससमध्ये फक्त १४ कॅलेंडर दिवस. कॅलेंडर दिवस म्हणजे शनिवार-रविवार धरून. तुमच्या राज्याची मुदत लेटरवरच लिहिलेली असते, बारीक अक्षरात असते पण असते.

पोर्टलवर 'ईमेलने कळवा' असं निवडलं असेल तर पोस्टाने कागद येणारच नाही, आणि नोकरी लागल्यावर त्या पोर्टलकडे कोण बघतं? म्हणून क्लेम बंद झाल्यावरही वर्षभर तरी अधूनमधून लॉगिन करत जा आणि घर बदललं तर पत्ता बदला, इथे भाड्याची घरं बदलत राहतात आणि ओव्हरपेमेंटची लेटर्स जुन्या पत्त्यावर जाऊन पडतात.

मुदत उलटून गेली असेल तरी अपील टाका. उशीर का झाला ते सांगायचं, लेटर जुन्या पत्त्यावर गेलं, हॉस्पिटलमध्ये होतो, पोर्टल लॉक झालं होतं, जे खरं असेल ते. बहुतेक ठिकाणी याला 'गुड कॉज' म्हणतात आणि जज आधी त्यावर निर्णय देतो, ते पटलं तर मग मूळ प्रकरण ऐकतो. मिळेलच असं नाही, पण न टाकलं तर नक्कीच मिळणार नाही.

आता या स्टेपमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बऱ्याचदा एक नाही, दोन निर्णय असतात. पहिला म्हणजे तुम्ही या या आठवड्यांसाठी पात्र नव्हता, आणि दुसरा म्हणजे म्हणून तुम्ही इतके डॉलर देणं लागता. कधी दोन्ही एकाच पाकिटात, कधी पहिला मार्चमध्ये आणि दुसरा मे महिन्यात. लोक काय करतात, पहिल्या लेटरमध्ये पैशाचा आकडा नसतो म्हणून ते बाजूला ठेवतात, आकडा असलेलं दुसरं आलं की जागे होतात आणि त्यावर अपील करतात. मग हिअरिंगमध्ये जज म्हणतो की पात्र नाही हे तर आधीच फायनल झालंय, आता माझ्यासमोर फक्त आकडा बरोबर आहे का एवढाच प्रश्न आहे. खेळ तिथेच संपतो. म्हणून जितके निर्णय तितकी अपीलं, प्रत्येक लेटरचा नंबर आणि तारीख लिहून. तीन आली असतील तर तीन. अपीलला फी नसते, जास्त टाकल्याने बिघडत काहीच नाही.

स्टेप ३: ओव्हरपेमेंट नेमकं कशामुळे झालं ते ओळखा

कोणते आठवडे आणि कोणतं कारण, या दोन गोष्टी लेटरमधून काढून एका कागदावर लिहा. कारण समजलं नाही तर फाईलची कॉपी मागा, तुमच्या केसमध्ये त्यांच्याकडे काय काय आहे हे बघायचा तुम्हाला हक्क आहे. साधारण ही कारणं दिसतात.

पहिलं आणि सगळ्यात कॉमन, नवी नोकरी लागल्यानंतरचा एक-दोन आठवड्यांचा गोंधळ. सोमवारी जॉईन झालात, पहिला पेचेक दोन आठवड्यांनी येणार, दरम्यान सर्टिफाय करताना, म्हणजे त्या आठवड्याचे पैसे मिळावेत म्हणून ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं देताना, प्रश्न येतो की या आठवड्यात काम केलं का किंवा पैसे कमावले का, आणि आपण म्हणतो नाही, हातात तर काहीच आलं नाही अजून. चुकलं. बहुतेक राज्यांत पैसे हातात कधी आले ते बघत नाहीत, काम कोणत्या आठवड्यात केलं ते बघतात, आणि टॅक्स कापायच्या आधीचा आकडा, म्हणजे ग्रॉस सांगायचा असतो. आठवडाही त्यांचा स्वतःचा, बहुतेक ठिकाणी रविवार ते शनिवार, न्यूयॉर्कमध्ये सोमवार ते रविवार. यात पार्टटाइम, डिलिव्हरीची कामं, कुणाचं चार तासांचं कन्सल्टिंग, सगळं आलं. सांगितलं म्हणून सगळे पैसे जातात असंही नाही, कॅलिफोर्नियात आठवड्याच्या कमाईतले पहिले २५ डॉलर किंवा २५ टक्के, जे जास्त असेल ते, धरतच नाहीत, आणि टेक्ससमध्ये आपल्या आठवड्याच्या बेनिफिटच्या २५ टक्क्यांपर्यंत कमावलं तरी बेनिफिट कापत नाहीत.

दुसरं कारण तितकंच कॉमन पण यात चूक तुमची नसते, तर कॉम्प्युटरची आकडेमोड असते. कंपन्या राज्याला पगाराचा रिपोर्ट दर तीन महिन्यांनी देतात, आठवड्याचा हिशोब त्यात नसतो. समजा जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीत तुम्ही पहिले १० आठवडे घरी होतात आणि शेवटच्या ३ आठवड्यांत नव्या नोकरीत मिळून ५,२०० डॉलर कमावले. आता कोणी तो आकडा सरळ १३ आठवड्यांत वाटून टाकला तर दर आठवड्याला ४०० डॉलर दिसतात, म्हणजे तुम्ही अख्खी तिमाही काम करत होतात आणि लपवत होतात! खरं तर ते १० आठवडे तुम्ही पूर्ण हक्काने घेतले होते. नियमाप्रमाणे राज्याने कंपनीकडून आठवड्यानुसार हिशोब मागवायचा असतो, पण कंपनीने उत्तर दिलं नाही किंवा चुकीचं भरलं तर हे असं होतं.

हे काल्पनिक नाही हां. मिशिगनमध्ये २०१३ ते २०१५ मिडास नावाची सिस्टीम होती, तिने जवळपास माणसाने न बघताच सुमारे ४०,००० लोकांना फ्रॉड ठरवलं, त्यात अशीच कमाई पसरवून टाकण्याची भानगड होती, आणि नंतर राज्याने स्वतःच २२,००० पेक्षा जास्त केसेस परत तपासल्या तेव्हा त्यातल्या ९३ टक्के चुकीच्या निघाल्या. तोपर्यंत लोकांचे पगार आणि टॅक्स रिफंड कापून झाले होते. ऑस्ट्रेलियात रोबोडेट नावाने हाच प्रकार झाला, तिथे वर्षाची कमाई पंधरवड्यांमध्ये सरासरीने वाटली आणि बेकार भत्ता घेणाऱ्यांना कर्जाची लेटर्स पाठवली, शेवटी रॉयल कमिशन बसलं आणि जुलै २०२३ मध्ये त्याचा रिपोर्ट आला. सांगायचा मुद्दा, लेटरवर सरकारी शिक्का आहे म्हणून आकडा बरोबर असतोच असं समजू नका. आपल्यातले अर्धे लोक दिवसभर एक्सेलवर काम करतात, मग स्वतःच्या आठवड्यांचं शीट बनवायला काय हरकत आहे.

तिसरं, जुन्या कंपनीने अपील जिंकलं. म्हणजे तुम्ही क्लेम केलं, राज्याने मंजूर केलं, पैसे सुरू झाले, आणि कंपनीने अपील करून सांगितलं की यांना काढलं नाही, हे स्वतः सोडून गेले. जजने कंपनीचं ऐकलं की आतापर्यंत मिळालेलं सगळं ओव्हरपेमेंट. लोक चिडून म्हणतात की शंका होती तर पैसे दिलेच कशाला. त्याचं कारण असं की १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टाने कॅलिफोर्नियाच्या जावा नावाच्या केसमध्ये सांगितलं की एकदा पात्र ठरवल्यावर केवळ कंपनीने अपील केलंय म्हणून पैसे अडवता येणार नाहीत. नियम आपल्याच बाजूचा आहे, फक्त त्याची शेपूट अशी निघते. यात तुमचा दोष शून्य असतो आणि हे पुढे देणं माफ करून घेताना (स्टेप ७) फार उपयोगी पडतं.

चौथं, देशाबाहेर जाणं. नोकरी नाही तर एक महिना इंडियाला जाऊन येऊ म्हणून लोक जातात आणि तिथून सवयीने सर्टिफाय करत राहतात. प्रश्न असतो की या आठवड्यात तुम्ही काम करायला सक्षम आणि उपलब्ध होतात का, आपण फोनवर पटापट 'यस' दाबतो. तुम्ही दुसऱ्या खंडात असताना उद्या सकाळी इंटरव्ह्यूला किंवा कामाला हजर होऊ शकत नाही, म्हणून बहुतेक राज्यं ते आठवडे देत नाहीत, आणि लॉगिन कुठून झालं ते आयपी अ‍ॅड्रेसवरून कळतं. व्हीपीएन लावायची आयडिया तर अजिबात करू नका, साध्या चुकीचं रूपांतर लपवाछपवीत होतं. घरी कोणी आजारी आहे, जायलाच लागतंय तर जा, त्या आठवड्यांसाठी खरं उत्तर द्या, फक्त तेवढे आठवडे जातील आणि परत आल्यावर क्लेम पुन्हा चालू करता येतो.

पाचवं, व्हिसा. एचवनबीवर असताना नोकरी गेली तर दुसऱ्या कोणत्याही कंपनीत लगेच काम करायची मोकळी परवानगी नसते म्हणून बहुतेक वेळा 'उपलब्ध नाही' असं धरलं जातं. एचफोर ईएडी (एचवनबीवाल्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला मिळणारं वर्क परमिट) किंवा ग्रीन कार्डच्या अर्जावरचं ईएडी असेल तर गोष्ट वेगळी. कधीकधी असं होतं की फॉर्मवर स्टेटस खरं लिहिलं, राज्याने मंजूर केलं, पैसे दिले आणि नंतर त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा तुम्ही काय उत्तरं भरली होती त्याचा स्क्रीनशॉट किंवा प्रिंट हाच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा.

बाकी सेव्हरन्स (नोकरीवरून काढताना कंपनी देते ते पैसे), सुट्ट्यांचे पैसे, जॉब शोधल्याची नोंद न ठेवणं, ही कारणं आहेतच. सेव्हरन्सचं तर राज्याराज्यात इतकं वेगळं आहे की कॅलिफोर्नियात साधारणपणे त्यामुळे काही कापत नाहीत आणि टेक्ससमध्ये त्यामुळे बेनिफिट पुढे ढकललं जाऊ शकतं.

स्टेप ४: लेटरमध्ये फ्रॉड हा शब्द आहे का

आकडा ७०० डॉलर असो की ७,०००, आधी हे बघा. शब्द नेहमी 'फ्रॉड'च असेल असं नाही, 'विलफुल', 'फॉल्स स्टेटमेंट', 'मिसरिप्रेझेंटेशन' असंही लिहितात. अर्थ एकच, की तुम्ही मुद्दाम खोटं बोललात.

याचा फरक किती पडतो बघा. समजा कॅलिफोर्नियात दर आठवड्याला ४५० डॉलरप्रमाणे ६ आठवडे जास्त गेले, म्हणजे २,७०० डॉलर. फ्रॉड नसेल तर देणं एवढंच. फ्रॉड असेल तर तिथे ३० टक्के दंड, म्हणजे आणखी ८१० डॉलर, एकूण ३,५१०. फेडरल कायद्याने फ्रॉडवर कमीतकमी १५ टक्के दंड सगळ्याच राज्यांना लावावा लागतो, त्याच्यावर कितीही लावू शकतात. वर पुढच्या काही आठवड्यांसाठी बेनिफिट बंद. पुढे कधी पुन्हा नोकरी गेली तर नॉन-फ्रॉड असेल तर कॅलिफोर्निया त्या वेळच्या बेनिफिटमधून दर आठवड्याला २५ टक्के वळते करतं, फ्रॉड असेल तर पूर्ण १००. देणं माफ होण्याचा दरवाजाही बंद. आणि ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिपच्या लाईनमध्ये असाल तर सरकारी कागदावर फ्रॉड हा शब्द राहू देणं परवडणारं नाही, अशा वेळी इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोलाच.

म्हणून पैसे खरंच द्यायचे आहेत हे मान्य असलं तरी फ्रॉडविरुद्ध अपील करायचं. दोन वेगळे मुद्दे आहेत, जास्त पैसे मिळाले हे मान्य, मुद्दाम खोटं बोललो हे अमान्य. फ्रॉडसाठी तुम्हाला खरी गोष्ट माहीत होती आणि तरी जाणूनबुजून चुकीची सांगितली असं दिसावं लागतं. प्रश्न नीट न कळणं, पेचेक आला तेव्हा सांगायचं असं वाटणं, पुढच्या आठवड्यात स्वतःहून दुरुस्त करणं, फोनवर त्यांच्याच माणसाने सांगितलं तसं भरणं, हे सगळं तुमच्या बाजूचं आहे, पण ते बोलून दाखवलं तरच.

निर्णयाच्या आधी बऱ्याचदा फोन येतो किंवा प्रश्नांचा एक फॉर्म येतो. इथे आपले लोक नम्रपणाच्या भरात गोत्यात येतात. समोरचा विचारतो तुम्ही कमाई कळवली नाही ना, आपण म्हणतो सॉरी सर माय मिस्टेक, आणि तिकडे नोंद होते की क्लेमंटने कबूल केलं. खोटं काही बोलायचं नाही, पण अंदाजाने पण काही बोलायचं नाही. तारीख आठवत नसेल तर सांगायचं की पेस्टब (पगाराची स्लिप) बघून सांगतो, वेळ द्या. आणि त्यांनी काही सही करायला पाठवलं तर पूर्ण वाचल्याशिवाय सही नाही.

स्टेप ५: अपील लिहा, छोटं लिहा

निबंध नको. नाव, क्लेम नंबर किंवा केस नंबर, कोणत्या तारखेच्या कोणत्या निर्णयाविरुद्ध अपील, आणि कारणाच्या दोन-तीन ओळी. एवढं बास. या आठवड्यांत मी काम केलेलं नाही, माझं काम अमुक तारखेला सुरू झालं, मी माहिती लपवलेली नाही आणि मला हिअरिंग हवं आहे. साध्या इंग्रजीत लिहा, वकिली भाषेची गरज नाही. पुरावे नंतर देता येतात, मुदत गाठणं आधी. ऑनलाइन टाकलं तर कन्फर्मेशनचा स्क्रीनशॉट घ्या, फॅक्स केलं तर फॅक्सची पावती, पोस्टाने तर ट्रॅकिंगवालं.

तुमचं बेनिफिट अजून चालू असेल किंवा अडवलं असेल तर अपील चालू असताना दर आठवड्याचं सर्टिफिकेशन चालूच ठेवा. लोक इथे वैतागून थांबतात, मग अपील जिंकतात आणि मधल्या आठवड्यांचे पैसे मिळत नाहीत कारण ते आठवडे मागितलेलेच नसतात.

स्टेप ६: हिअरिंग

कोर्ट वगैरे नसतं, बहुतेक वेळा फोनवरच होतं, एक जज असतो, तुम्ही, कधी कंपनीचा माणूस, आणि सगळं रेकॉर्ड होतं. फेडरल कायद्यानेच निष्पक्ष सुनावणीची संधी देणं राज्यांना बंधनकारक आहे. फोन वेळेवर उचलायचा, किंवा नोटिशीत सांगितलं असेल तर स्वतः कॉल करायचा, नंबर अनोळखी असला तरी. न उचलल्यामुळे केस डिसमिस होते, आणि स्पॅम समजून फोन कट करणाऱ्यांची इथे काही कमी नाही.

कागद आधीच पाठवावे लागतात, जजकडे आणि समोरच्या पार्टीकडे पण, त्याची तारीख नोटिशीत असते. काय पाठवायचं? ऑफर लेटर ज्यावर जॉईनिंगची तारीख आहे, आठवड्यानुसार पेस्टब, टाइमशीट, बँक स्टेटमेंट, सर्टिफिकेशनचे प्रिंट, त्यांच्याशी झालेल्या पोर्टलवरच्या मेसेजचे प्रिंट. आणि ते आठवड्यांचं शीट, एका बाजूला राज्याने धरलेली कमाई, दुसऱ्या बाजूला खरी, तिसऱ्यात कोणत्या पेस्टबवरून घेतली. नव्या कंपनीच्या एचआरकडून आठवड्यानुसार पगाराचं साधं लेटर मिळालं तर सोन्याहून पिवळं.

इंग्रजीचं टेन्शन असेल तर दुभाष्या मागा, फुकट मिळतो, मराठी पण मागता येतं, फक्त आधी कळवावं लागतं. नवऱ्याला किंवा मुलीला शेजारी बसवून भाषांतर करून घेऊ नका, ते मधेच स्वतःचं मत घालतात आणि जज वैतागतो. आई-बाबांच्या वयाच्या लोकांसाठी तर दुभाष्या घ्याच, कारण 'अव्हेलेबल' आणि 'एबल' असल्या शब्दांवर केस फिरते.

जज विचारेल तेवढंच उत्तर द्या. कंपनी किती वाईट होती हे सांगत बसण्यात वेळ जातो आणि मुद्दा राहून जातो. निर्णय पोस्टाने येतो, विरुद्ध गेला तर वरच्या बोर्डाकडे जाता येतं, तिथे सहसा नवे पुरावे घेत नाहीत, म्हणून सगळं खालच्या हिअरिंगमध्येच मांडायचं. वकील परवडत नसेल तर तुमच्या भागातली लीगल एड संस्था किंवा लॉ स्कूलचं क्लिनिक बघा, बऱ्याच ठिकाणी अशा केसेस ते फुकट घेतात.

स्टेप ७: माफी, म्हणजे वेव्हर

अपील आणि वेव्हर वेगळं आहे, लोक गल्लत करतात. अपीलमध्ये तुम्ही म्हणता मी देणं लागत नाही. वेव्हरमध्ये म्हणता देणं असेलही, पण माझा दोष नव्हता आणि आता वसूल करणं अन्याय होईल. कायद्याच्या भाषेत 'इक्विटी अँड गुड कॉन्शन्स', हा शब्द अर्जात दिसला तर दचकू नका. दोन्ही एकत्र मागता येतात का ते राज्यावर आहे, पण बहुतेक ठिकाणी मागायला अडचण नसते.

अर्जात घरभाडं, ग्रोसरी, इन्शुरन्स, कर्जाचे हप्ते, मेडिकल खर्च, घरात किती माणसं अवलंबून आहेत सगळं भरायचं, आणि लाजेखातर खर्च कमी दाखवायचे नाहीत. इंडियात आई-वडिलांना दरमहा पैसे पाठवत असाल तर तेही लिहा, मानतील न मानतील तो त्यांचा प्रश्न.

सगळी राज्यं माफी देत नाहीत. कॅलिफोर्नियात आहे, टेक्ससमध्ये नेहमीच्या बेनिफिटसाठी नाही. कोविड काळातल्या खास फेडरल पैशांचं वेगळं होतं, २०२० च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) पीयूएसाठी, म्हणजे नेहमीच्या स्कीममध्ये न बसणाऱ्यांसाठीच्या कोविड भत्त्यासाठी, सुद्धा राज्यांना माफीची मुभा दिली. म्हणजे ओव्हरपेमेंट त्या काळातलं असेल तर कोणत्या प्रोग्रॅमचे पैसे होते ते आधी विचारा.

स्टेप ८: खरंच देणं असेल तर

सगळं तपासलं, आकडा बरोबर आहे, माफी नाही. मग हप्ते मागा, बहुतेक राज्यं देतात, आणि जमेल तेवढाच हप्ता मान्य करा, मोठा कबूल करून तिसऱ्या महिन्यात चुकवण्यापेक्षा छोटा बरा. व्याज लागतं का ते विचारून घ्या, हे राज्याप्रमाणे बदलतं.

दुर्लक्ष केलं तर काय होतं? स्टेटचा टॅक्स रिफंड जातो, कॅलिफोर्नियात लॉटरी लागली तर तीही, कोर्टातून ऑर्डर आणून पगारातून कापू शकतात. फ्रॉड असेल किंवा कमाई न कळवल्यामुळे झालेलं ओव्हरपेमेंट असेल तर सरकारी देणी टॅक्स रिफंडमधून वळती करणाऱ्या ट्रेझरी ऑफसेट प्रोग्रॅमखाली फेडरल टॅक्स रिफंड पण उचलतात. त्याआधी ६० दिवसांची नोटीस येते, ती दुर्लक्षित करू नका, जॉइंट रिटर्न भरत असाल तर नवऱ्याच्या किंवा बायकोच्या वाट्याचाही रिफंड त्यात अडकतो आणि मग त्यासाठी आयआरएसकडे (फेडरल टॅक्स खात्याकडे) 'इंजर्ड स्पाऊस'चा फॉर्म ८३७९ भरत बसावं लागतं.

स्टेप ९: टॅक्सचा हिशोब

हे बहुतेक कोणीच सांगत नाही. अनएम्प्लॉयमेंटवर फेडरल टॅक्स लागतो आणि जानेवारीत वर्षभरात किती बेनिफिट मिळालं ते दाखवणारा १०९९-जी फॉर्म येतो. राज्य परत मागतं तेव्हा ग्रॉस मागतं, म्हणजे त्यातून १० टक्के फेडरल टॅक्स कापून तुमच्या हातात ९० टक्केच आले असले तरी परत पूर्ण १०० करायचे. तो १० टक्के गेला कुठे? आयआरएसकडे, आणि तो टॅक्स रिटर्नमध्ये तुमच्या नावावर जमा धरून घ्यायचा असतो.

ज्या वर्षी मिळाले त्याच वर्षी परत केले तर रिटर्नमध्ये तेवढे वजा करून फक्त उरलेले उत्पन्न म्हणून दाखवायचे. पुढच्या वर्षी परत केले आणि रक्कम ३,००० डॉलरच्या वर असेल तर डिडक्शन किंवा क्रेडिट यातलं जे फायद्याचं पडेल ते घेता येतं. ३,००० किंवा कमी असेल तर काही मिळत नाही, गेले ते गेले. म्हणून डिसेंबरमध्ये लेटर आलं, आकडा पटतोय आणि पैसेही हातात आहेत, तर ३१ डिसेंबरच्या आत भरून टाकणं शहाणपणाचं. आणि ज्यांच्या नावाने दुसऱ्यानेच क्लेम केला होता त्यांनी १०९९-जी मध्ये दिसणारी ती रक्कम उत्पन्नात दाखवायची नाही, राज्याकडून सुधारित फॉर्म मागायचा.

पूर्ण फेडून झालं की बॅलन्स शून्य असल्याचं लेटर मागून घ्या, पोर्टलवर शून्य दिसतंय यावर समाधान मानू नका. राज्याच्या सिस्टीममध्ये शून्य झालं तरी ट्रेझरीकडे पाठवलेली नोंद वेळेवर काढली गेली नाही तर पुढच्या वर्षीचा रिफंड परत कापला जाऊ शकतो, आणि तेव्हा फोनवर तासभर होल्डवर थांबल्यानंतर हेच लेटर दाखवायला लागतं.